दुर्पताबाईचा दाणा

समोरून येणाऱ्या गाडीवानाने बैल थांबवले आणि म्हणाला, "बाई, पाऊस जाऊन महिना होऊन राहिला. एवढी मोठी छत्री कायले डोक्यावर?"

दुर्पताबाई थांबली नाही. "छत्री नोहे, झाकण होय," ती चालता चालताच म्हणाली.

"कायचं?"

"दाण्याचं."

गाडीवानाने माझ्याकडे बघितलं. पायात चपला, हातात पिशवी, म्हणजे ही तरी शहाणी असेल असं त्याला वाटलं असावं. मी म्हटलं, "खरंच सांगते ती. धानाच्या दाण्याचं झाकण आहे." त्याने बैल हाकले. मागच्या गाडीवाल्याला मात्र त्याने काहीतरी सांगितलं असणार, कारण ती गाडीही आमच्यापाशी येऊन हळू झाली, आणि तिच्या मागचीसुद्धा.

आमगाव सोडून बराच वेळ झाला होता. आम्ही रेल्वेच्या रुळाला धरून गोंदियाकडे चाललो होतो. खरं तर आम्ही रेल्वेने जाणार होतो. मी आमगावजवळच्या एका गावात शाळेत शिकवत होते, दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीजेला माहेरी चालले होते, आणि दुर्पताबाई त्याच गावची, तिलाही गोंदियालाच जायचं होतं, म्हणून सोबत. पण तिच्या डोक्यावरचं ते मातीचं झाकण बैलगाडीच्या चाकाएवढं, आणि मधोमध वर निघालेला हातभर लांबीचा बांबूचा काटा. गार्ड म्हणाला, मालडब्यात टाका. ती म्हणाली, मालडब्यात धक्के बसतात, कच्चं आहे. गार्ड म्हणाला, मग त्याचं वेगळं तिकीट काढा. तो चेष्टा करत होता, पण दुर्पताबाई कनवटीला हात घालून "काढतो" म्हणाली. तिकिटाचा प्रश्नच उरला नाही, कारण झाकण डब्याच्या दारातून आत जाईना. उभं केलं तर काटा अडके, आडवं केलं तर झाकण अडके. आतले लोक ओढत होते, बाहेरचे ढकलत होते, आणि दुर्पताबाई दोघांनाही शिव्या देत होती. शेवटी गाडी शिटी देऊन निघून गेली आणि फलाटावर आम्ही तिघं राहिलो, मी, ती आणि झाकण.

"तुमी जा बाई पुढच्या गाडीनं," ती म्हणाली. "मी जातो पायी."

तिला एकटीला सोडून जाणं माझ्याच्याने झालं नाही. देवाचं नाव घेतलं आणि चालू लागले. वाटेत एक कुत्रं आमच्यावर भुंकत रेल्वेच्या फाटकापर्यंत आलं. एका म्हाताऱ्याने तर झाकणाला हात जोडले. कोणता देव चाललाय, ते विचारायची तसदी त्याने घेतली नाही.

आता हे दाण्याचं झाकण म्हणजे काय ते सांगते.

गोंदियात तेव्हा भाताच्या गिरण्या एकामागून एक निघत होत्या, आणि ज्याची गिरणी नवी त्याचं फाटक जुन्यापेक्षा मोठं. एकाने फाटकावर चुन्याचे दोन सिंह बसवले, तर शेजारच्याने हत्ती. ईश्वरदास शेठ हा मोठा हौशी माणूस. त्याची गिरणी माझ्या माहेरच्या घरामागेच होती. तो म्हणाला, सिंह काही चावल खात नाही. आपण ज्याचं खातो तेच उभं करू. फाटकासमोर चौथरा बांधून त्यावर धानाचा एक दाणा उभा करायचा, दीड पुरुष उंच, सोन्यासारखा पिवळा, टोक वर. येणाराजाणारा लांबूनच म्हणेल, ही ईश्वरदासची मिल.

कल्पना चांगलीच होती. शेठचा मिस्त्री होता पतिराम. त्याने विटांचा दाणा बांधला. धानाच्या गाड्या घेऊन येणारे लोक म्हणाले, फणस छान झाला. पतिरामने तो पाडून पुन्हा बांधला. लोक म्हणाले, आता कोहळा झाला. विटेला कोपरे असतात आणि दाण्याला नसतात, तो बिचारा काय करणार. तेव्हा तोच शेठला म्हणाला, "माझी वयनी कोठ्या करते. पोट काढणं तिले जमते."

ही वयनी म्हणजे दुर्पताबाई, त्याच्या थोरल्या भावाची बायको. आमच्या भागात धान ठेवायला घरोघरी मातीच्या कोठ्या असतात, माणसापेक्षा उंच. बोडीची, म्हणजे गावतळ्याची, चिकण माती, भाताचं तणस, कोंडा आणि शेण पायाने तुडवून ठेवायचं आणि हाताने एकेक वेढा चढवत जायचं. आजचा वेढा सुकल्याशिवाय उद्याचा चढवायचा नाही. वरून धान ओतायला झाकण, आणि खाली धान काढायला हात जाईल एवढं तोंड, त्याला चिंध्यांचा बोळा. पंचक्रोशीत दुर्पताबाईच्या कोठीला तोड नव्हती, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगे, आणि ते खरंही होतं. मुलीचं लग्न ठरलं की लोक आधी दुर्पताबाईला विचारत आणि मग वाजंत्रीवाल्याला. कारण एकच. तिच्या कोठीतल्या धानाला कधी ओल लागली नव्हती. ओल लागली की धान तापतं, तापलं की त्याला कोंब फुटतो, आणि कोंब फुटलेलं धान ना खायच्या कामाचं ना विकायच्या. ज्या बाईच्या कोठीत असं एकदा होतं, तिला पुन्हा कोणी अंगणात येऊ देत नाही. दुर्पताबाईची सगळी अब्रू त्या एका गोष्टीवर उभी होती, आणि तिची जीभही त्याच जोरावर चाले.

दिवाळीच्या आधीच ती गोंदियाला जाऊन दाण्याचं धड उभं करून आली होती. झाकण तेवढं तिने घरी केलं. झाकण सावलीत सुकवायला लागतं आणि गोंदियाच्या सावलीवर तिचा विश्वास नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा पतिराम धडाला चुन्याचा थर देत होता. झाकण बघून त्याने कपाळाला हात लावला. "वयनी, पुतळ्याले झाकण कायले?"

"मंग धान कुठून भरशील? तुह्या नाकातून?"

"यात धान भरायचं नाई. हा पुतळा होय."

"कोन म्हणते पुतळा? कोठी होय ही."

मुनीम नंदलाल धावत आला. दाण्याच्या पायथ्याशी चिंध्यांचा बोळा आणि त्यामागचं भोक त्याने तेव्हा पहिल्यांदा बघितलं. इतके दिवस तो वरच बघत होता. शेठलाही बोलावलं. शेठ समजुतीने म्हणाला, "बाई, ये तो मूर्ति है. शोभा के लिये है. अंदर से खाली रहेगी."

दुर्पताबाईने झाकण जमिनीवर ठेवलं आणि कंबरेवर हात घेतले. "शेठजी, तुमी धानाचे व्यापारी ना? आतून रिकामा दाणा, त्याले काय म्हणते?"

आतून रिकाम्या दाण्याला पोचा म्हणतात, हे गोंदियातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सुपाने पाखडला की तो उडून जातो.

"पोचा उभा करून लक्ष्मी येत असते का दारी?" तिने विचारलं.

शेठने तिचं बोलणं हसण्यावारी नेलं. झाकण मात्र वर चढवलं गेलं, कारण ते टोकासारखं दिसत होतं आणि काटा कुसळासारखा. पतिरामने त्यावर पिवळ्या मातीचा हात फिरवला. खरं सांगते, दाणा फार देखणा दिसत होता. माझ्या आईने घरामागच्या छपरीतून बघून म्हटलं, "आता फक्त एवढा मोठा कोंबडा कुठून येऊ नये."

दुर्पताबाई उद्घाटनापर्यंत आमच्याच छपरीत राहिली. कार्तिकी पौर्णिमेला भंडाऱ्याहून मोठे साहेब येऊन दाण्यावरचा पडदा ओढणार होते.

पण त्याआधी हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, धानाच्या गाड्या सुरू झाल्या. शेतकऱ्याची सवय अशी, की धान दिसलं की हात लावायचा. दातांखाली धरायचं, तळहातावर चोळायचं, फुंकायचं. एवढा मोठा दाणा दातांखाली धरणं शक्य नव्हतं, म्हणून पहिल्या गाडीवाल्याने बोटांनी टकटक केलं. आतून पोकळ आवाज आला.

"पोचा हाये," तो म्हणाला.

दुसऱ्याने टकटक केलं. "पोचाच हाये."

दुपारपर्यंत चौथऱ्याभोवती गर्दी जमली. जो येई तो टकटक करी आणि मागच्याला सांगे, शेठच्या दारात पोचा आहे. एक म्हातारा तर म्हणाला, पहिली बोहणी मी पोच्यासमोर नाही करत, आणि गाडी वळवून त्याने हत्तीवाल्याच्या गिरणीत नेली. त्याच्या मागोमाग आणखी गाड्या वळल्या. हे बघितल्यावर ईश्वरदास शेठ धोतर सावरत बाहेर आला आणि म्हणाला, "भरो. अभी के अभी भरो."

आता दुर्पताबाईचं खरं झालं होतं. तिने खुश व्हायला हवं होतं. पण तिने दाण्याच्या पोटावर तळहात ठेवला, कान लावला, बोटाने वाजवून बघितलं आणि मान हलवली. "थांबा. माही माती सुकली होती. पतिरामनं वरून चुना चोपडला, तो ओला हाये. त्याची ओल आत येऊन राहिली. पुनव होऊन जाऊ द्या, मंग भरा."

"पुनव को तो साहेब आते हैं," मुनीम म्हणाला. "तब तक क्या हत्ती के यहाँ सब गाडी भेजें?"

तरीही ती नाहीच म्हणत होती. मी तिथेच होते, मी ऐकलंय. ती नाहीच म्हणाली असती. पण गाडीवर बसलेला एक जण दात कोरत म्हणाला, "काऊन व माय? तुह्या कोठीत धान टिकत नाई काय?"

दुर्पताबाईने त्याच्याकडे बघितलं. मग पतिरामकडे बघितलं. मग पदर खोचला.

"भरा," ती म्हणाली.

शिडी लावून पोती वर चढवली. धान ओतताना आतून असा भरीव आवाज येत होता की बघे वाहवा करत होते. झाकण बसवून तिने कडेने माती लिंपली. त्यानंतर ज्याने टकटक केलं त्याचं बोटच दुखलं. "भरला," लोक म्हणाले, आणि गाड्या परत आल्या. मुनिमाने दाण्यावर पांढरा पडदा टाकला, साहेबांसाठी.

दोनतीन दिवस सुखात गेले. आमच्याकडे तुळशीच्या लग्नाची गडबड होती. ऊस कोणी आणायचा यावरून घरात बोलणी चालू होती. दुर्पताबाई अंगण सारवून देई आणि जाता येता पडद्याखाली हात घालून दाण्याला लावून येई. एकदा ती आली ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाई, त्याले ताप आला."

"कोणाला?"

"दाण्याले."

मी तिच्याबरोबर गेले. पडद्याखाली हात घालून बघितला. तापलेल्या लेकराच्या कपाळासारखं गरम लागत होतं. आणि वासही येत होता, भिजवलेल्या धानाला येतो तसा, कोमट, गोडसर.

दुर्पताबाई खाली वाकली. इकडेतिकडे बघून तिने चिंध्यांचा बोळा ओढला. धान भळाभळा यायला हवं होतं. एक दाणाही आला नाही. बोळ्याला पांढरे पांढरे कोंब चिकटून आले होते, दाढीसारखे. तिने झटकन बोळा परत खुपसला, वळली, आणि त्या तोंडाला पाठ लावून चौथऱ्यावर मांडी घालून बसली.

"मुनिमाला सांगून रिकामा करून घेऊ," मी म्हटलं.

"आनि ते बाहीर पडलेलं कोन पाहील? सारे गाडीवाले. ते उद्या गावोगाव जातीन." तिने पाठ आणखी मागे रेटली. "बाई, आजवर माह्या कोठीत कधी कोंब दिसला नाई. कधीच नाई."

तरी मी मुनिमाकडे गेले. नंदलाल म्हणाला, मुहूर्त होईपर्यंत पडद्याला कोणी हात लावायचा नाही, शेठचा हुकूम. मग काय करणार. ती तशीच बसून राहिली. सकाळी अंधार फिटला की जाई आणि दिवेलागणीला उठे, पाठ दाण्याला टेकलेली. कोणी विचारलं तर बोलत नसे. तिला न बोलताना आम्ही कोणीच पाहिलं नव्हतं. मोहल्ल्यातल्या बायकांना वाटलं, कार्तिकाचं कोणतं तरी मौनव्रत आहे. त्या तिला केळी आणून देऊ लागल्या. एकीने पायांवर पाणी घातलं. एकीने नातवाला पायांवर घातलं. दुर्पताबाईने त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला, केळी खाल्ली आणि हलली नाही.

पतिराम येऊन समोर उभा राहिला. "वयनी, हे काय नवीन?"

तिने मौन मोडलं. "तुह्या चुन्यानं हे झालं, मेल्या."

"काय झालं?"

"काई नाई झालं. जाय इथून."

पौर्णिमेच्या सकाळी बँड आला. साहेब आले, टोपी घातलेले, घामाघूम. शेठने रेशमी फेटा बांधला होता. दुर्पताबाईला चौथऱ्यावरून उठावंच लागलं. ती माझा हात धरून गर्दीत मागे एका गाडीच्या चाकाआड उभी राहिली. मी मनातल्या मनात नामस्मरण करत होते. काय मागावं तेच कळत नव्हतं, म्हणून नुसतंच नाम.

साहेबांनी दोरी ओढली. पडदा खाली आला.

आतून कोंबांनी झाकण वर रेटलं होतं. लिंपलेली माती फुटून झाकण एका बाजूला कलंडलं होतं, तिरपी टोपी घातल्यासारखं. आणि त्या टोपीखालून चहूबाजूंनी हिरवेगार कोंब बाहेर लोंबत होते, न विंचरलेल्या केसांसारखे. पोटाला एक भेग गेली होती, तिच्यातूनही हिरवं डोकावत होतं. बँड थांबला. साहेबांनी त्या दाण्याकडे बघितलं, दाण्याची टोपी बघितली, आणि काय मनात आलं कोण जाणे, स्वतःची टोपी काढून हातात घेतली.

ते बघून शेठने फेट्यासकट जमिनीवर डोकं टेकलं. "दाना जिंदा है," तो ओरडला. "लक्ष्मी खुद आयी है."

मग काही विचारू नका. गाडीवाल्यांनी हळदकुंकू वाहिलं. बँडवाल्याने आरती सुरू केली, तीही लग्नाच्या चालीवर. हत्तीवाला शेठ शेवटच्या रांगेत उभा होता, तोही हात जोडून पुढे आला. मीसुद्धा हात जोडले. मातीतून काही हिरवं वर आलं की मला हात जोडावेसे वाटतात. त्याचं कारण चुना होता हे माहीत असलं म्हणून काय झालं.

"बनानेवाली कहाँ है?" शेठने हाक मारली. मुनिमाच्या हातात लुगडं, नारळ आणि हार तयार होता. "दुर्पताबाई को बुलाओ."

दुर्पताबाई चाकामागे खाली बसली. पदर तोंडावर ओढला.

"इथं हाये वयनी," पतिरामने नेमकं दाखवून दिलं. लोकांनी वाट करून दिली. तिला उठावं लागलं. साहेबांसमोर, शेठसमोर, सगळ्या गोंदियासमोर ती उभी राहिली, आणि पतिरामला दंडाला धरून पुढे ओढून म्हणाली, "मी नाई केलं. यानं केलं. मी नुसती माती तुडवली."

पतिरामचं तोंड उघडंच राहिलं. पण हार गळ्यात पडल्यावर त्याने ते मिटलं. लुगडं बाईमाणसाचं होतं, तेही त्याच्या खांद्यावर टाकलं. फणस केला तेव्हा त्याला कोणी पान विचारलं नव्हतं. आता तो साहेबांशी हात मिळवत होता आणि कोंब कसे फुटवले ते शेठला हातवारे करून समजावत होता.

तो दाणा पुढे फार टिकला नाही. कोंब वाढत गेले तशी भेग वाढली, आणि एका दुपारी पोट फुटून सगळं चौथऱ्यावर पसरलं. शेठने ती माती आणि तो हिरवा गोळा प्रसाद म्हणून वाटला. पुढे त्या चौथऱ्यावर त्यानेही दोन सिंह बसवले. एक अजून आहे म्हणतात.

पण त्या पौर्णिमेच्या दिवशी आरती संपायच्या आत दुर्पताबाई तिथून निघाली होती. मी तिच्यामागे गेले. ती आमच्या विहिरीवर तोंड धूत होती. मला बघून तिने पदराने तोंड पुसलं. पुसत राहिली, बराच वेळ.

"दुर्पताबाई, सगळे किती खुश आहेत," मी म्हटलं. "लोकांनी नमस्कार केला त्याला."

"लोकं गोंदियाचे. आपल्या गावचे लोक नमस्कार नाई करत. ते इचारतीन, कोंब काऊन फुटला." ती विहिरीच्या काठावर बसली. "आमगावचा खेमराज आला होता गर्दीत. मी पाह्यला. त्याच्या पोरीचं लगीन माघात हाये. मले कोठी सांगून ठेवली हाये त्यानं."

"मग तो काय म्हणाला?"

"काई नाई म्हणाला. मले पाहून तिकडं पाहत गेला."

ती पायांच्या बोटांकडे बघत बसली, नखांत अजून माती होती. मग एकदम मान वर केली.

"बाई, तुमची शाळा कधी उघडते?"

"सोमवारी."

"आमगावच्या पोरीबी येतेत ना तिथं?"

"येतात ना. कितीतरी."

"मंग माहं एक काम करा." ती जवळ सरकली आणि माझ्या मनगटाला धरलं. "शाळेतलं पोरी घरी जाऊन सांगतेत. संध्याकाळी साऱ्या घरी होते. तुमी सोमवारी पहिल्यांदा हेच सांगजा त्यायले, की गोंदियाले उभं केलं तो पुतळा होता. पुतळ्याले कोंब फुटू शकते, पुतळ्याचं काई सांगता येत नाई. पन कोठी नव्हती म्हणून सांगजा. फळ्यावर लिहून सांगजा, बाई."